टोळी, लेखन आणि संबोधन : ‘ऑलवेज रनिंग’चे एक वाचन

टोळीजीवनातून बाहेर पडून लेखनाकडे वळलेल्या माणसांच्या आत्मकथनांची एक ठळक परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी साहित्यात निर्माण झाली. न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेममध्ये वाढलेल्या पिरी थॉमसचे ‘डाउन दीज मीन स्ट्रीट्स’ (१९६७) हे या परंपरेतील आरंभीचे महत्त्वाचे पुस्तक. पुढे १९९३ या एकाच वर्षी लुइस जे. रॉड्रिगेझचे ‘ऑलवेज रनिंग’ आणि सानयिका शकूरचे ‘मॉन्स्टर’ ही लॉस एंजेलिसच्या टोळ्यांविषयीची दोन आत्मकथने प्रसिद्ध झाली. या लेखनाकडे पाहण्याची समीक्षेची एक रीत ठरून गेली आहे. हिंसा, तुरुंग, तेथे हाती आलेले पुस्तक, आत्मशोध आणि शेवटी कलेमुळे झालेली सुटका, असा क्रम गृहीत धरून ही पुस्तके वाचली जातात. हा क्रम सेंट ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’पासून पाश्चात्त्य आत्मचरित्राच्या अंगवळणी पडलेला धर्मांतर-कथनाचाच क्रम आहे, ईश्वराच्या जागी कला आली आहे, एवढाच काय तो बदल. थॉमसच्या बाबतीत तर ईश्वरही जागेवर आहे. त्याचे दुसरे आत्मकथन ‘सेव्हिअर, सेव्हिअर, होल्ड माय हँड’ (१९७२) उघडच धार्मिक श्रद्धेकडे वळते.

या वाचनपद्धतीत एक गृहीतक दडलेले असते. टोळी ही मुकी असते आणि अभिव्यक्ती टोळीच्या बाहेर सुरू होते, हे ते गृहीतक होय. ‘ऑलवेज रनिंग’ या संहितेचा बारकाईने विचार केल्यास ते टिकत नाही. टोळी सोडणारा तरुण अभिव्यक्ती नव्याने मिळवत नाही; ती त्याच्याजवळ आधीच असते. बदलतो तो तिचा संबोधित. आपण कोणाला उद्देशून बोलत आहोत, या प्रश्नाचे उत्तर बदलणे हेच या पुस्तकातील खरे स्थित्यंतर आहे आणि पुस्तकाचे यशापयशही तेथेच शोधावे लागते.

रॉड्रिगेझचा जन्म १९५४ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे झाला. कुटुंब सीमेपलीकडच्या सिउदाद हुआरेझचे. मेक्सिकोत शाळेचे मुख्याध्यापक असलेले वडील अमेरिकेत आल्यावर अखेरीस एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत देखभालीच्या कामाला लागले. प्रथम वॉट्स आणि नंतर सॅन गेब्रिएल खोऱ्यातील टेकड्यांवरची लास लोमास ही वस्ती, असा या कुटुंबाचा प्रवास झाला. लोमास आणि शेजारची सांग्रा या दोन टोळ्यांचे वैर ही या आत्मकथनाची मुख्य घटनाभूमी आहे. निवेदक अकराव्या वर्षाच्या सुमारास टोळक्यात शिरतो, किशोरवयातच मादक द्रव्यांच्या आहारी जातो आणि अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याचे पंचवीस मित्र मृत्यू पावलेले असतात. प्रतिस्पर्धी टोळी, पोलीस, मादक द्रव्ये, वाहन-अपघात, आत्महत्या अशी या मृत्यूंची कारणे आहेत.

निवेदकाचे पहिले टोळके म्हणजे घाबरलेल्या शाळकरी मुलांनी स्वसंरक्षणासाठी स्थापन केलेले मंडळ. त्याचे नाव ‘दी इम्पर्सोनेशन्स’. या नावातील ‘दी’ या उपपदाच्या इंग्रजी वर्णलेखनात मुलांनी एक जादा ‘ई’ घातलेला आहे. नाव अधिक भारदस्त, रुबाबदार वाटावे, हा त्यामागचा विचार. अभ्यासकांनी फारसे लक्ष न दिलेला हा तपशील लहान असला तरी क्षुल्लक नाही. शाळेत ज्यांच्या इंग्रजीवर शिक्षक लाल रेघ मारतात ती मुले त्याच इंग्रजीचे वर्णलेखन जाणूनबुजून मोडतात आणि त्या मोडण्याला आपली ओळख करतात. ‘इम्पर्सोनेशन’ म्हणजे सोंग. दुसऱ्या कोणाचे तरी सोंग घेतल्यावाचून आपण कोणी होऊ शकत नाही, ही जाणीव या नावात आहे. मोठ्या मुलांच्या टोळीची दहशत पाहून तशीच शक्ती आपल्याकडे असावी असे वाटणे आणि त्या वाटण्याला भाषेत आकार देणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी घडतात. रॉड्रिगेझच्या लेखनाचा आरंभ शोधायचाच असेल, तर तो या जादा ‘ई’पासून धरायला हरकत नाही.

त्यानंतर येते टोपणनाव. जबड्याला झालेल्या दुखापतीमुळे पुढे आलेल्या हनुवटीवरून निवेदकाला ‘चिन’ हे नाव मिळते. जखम हीच ओळख होते. टोळीच्या चिन्हव्यवस्थेत शरीरावरचा व्रण आणि नाव यांत अंतर राहत नाही. हे नाव मग वस्तीच्या नावासह भिंतीवर जाते. या भिंतीवरच्या नाव-चिन्हाला चिकानो बोलीत ‘प्लाका’ म्हणतात. प्लाकाची अक्षरे वळणदार, दाट, बाहेरच्या माणसाला सहजासहजी न वाचता येणारी असतात. ती नक्षी नव्हे, लेखनच होय. त्याला लिपी आहे, संकेत आहेत, व्याकरण आहे. शिवाय त्याला एक वाचक आहे. प्लाका लिहिली जाते ती शत्रूसाठी. शत्रूने येऊन ती वाचावी आणि हा प्रदेश कोणाचा आहे हे त्याला कळावे, यासाठी. शत्रू त्या नावावर काट मारतो तेव्हा ती काट म्हणजे जिवावरची धमकी असते. समीक्षेच्या शब्दावलीत ‘लेखकाचा मृत्यू’ हा वाक्प्रयोग आता बराच गुळगुळीत झाला आहे. लोमासच्या भिंतींवर तो शब्दशः घडू शकत होता.

किशोरवयीन निवेदक वस्तीत भित्तिचित्रे रंगवू लागतो तेव्हा या पार्श्वभूमीवर त्या कृतीचा अर्थ लक्षात येतो. भिंत तीच, रंग तेच, रंगवणारे हातही टोळीतल्याच मुलांचे. परंतु आता चित्राला शत्रू हा वाचक उरलेला नाही. वस्तीतून जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाही माणसाने ते पाहावे, अशी अपेक्षा आहे. चित्रातून ‘मी’ आणि ‘आमची टोळी’ मागे सरतात आणि समूहाचा इतिहास पुढे येतो. भित्तिचित्रांविषयीचे हे भाग पुस्तकातील सर्वांत समर्थ भागांपैकी आहेत. कलेने माणूस सुधारतो असा दावा निवेदक त्यांत करत नाही. तो रंगाच्या, परातीच्या, मदतीला आलेल्या आणि मध्येच नाहीशा झालेल्या मुलांच्या पातळीवर राहतो. चित्र पूर्ण होत असतानाही टोळी संपलेली नसते, व्यसन सुटलेले नसते. एकच मुलगा भिंतीवर चित्र काढतो आणि शिरेत सुईही टोचतो. धर्मांतर-कथनाला असा मधला काळ सहन होत नाही; त्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोनच काळ हवे असतात. रॉड्रिगेझ मधला काळ लांबवतो, आणि पुस्तकाचा प्रामाणिकपणा बव्हंशी त्या लांबण्यात आहे.

व्यक्तीच्या सर्जनशीलतेने व्यक्तीची सुटका झाली, असे सूत्र मांडणाऱ्यांना दुसरीही एक अडचण येते. या आत्मकथनात सुटका एकट्याची नाही. वस्तीतील समाजकेंद्र, तेथील कार्यकर्ते, चिकानो चळवळ, शाळेतील मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांची संघटना, वाचनालय अशा अनेक गोष्टी निवेदकाला एका बाजूने ओढत असतात, तर टोळी दुसऱ्या बाजूने. २९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात निघालेल्या ‘चिकानो मोरेटोरियम’च्या मोर्चात सोळा वर्षांचा रॉड्रिगेझ पकडला गेला; त्याच दिवशी पत्रकार रुबेन सालाझार पोलिसांनी मारलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मृत्युमुखी पडले. पुढे अठराव्या वर्षी दीर्घ तुरुंगवासाची वेळ आली असता वस्तीतील लोकांनी न्यायाधीशांना पत्रे लिहिली आणि शिक्षा सौम्य झाली. त्याची सुटका लेखनाने झाली हे खरेच, पण ते लेखन त्याचे स्वतःचे नव्हते. कलेच्या उद्धारक सामर्थ्याविषयी लिहिणाऱ्यांनी या पत्रांचा विचार केलेला क्वचितच आढळतो.

पिरी थॉमसचे पुस्तकही असेच बाहेरून आलेले लेखन होय. पौगंडावस्थेत ते वाचल्याचा उल्लेख रॉड्रिगेझ अत्यंत आदराने करतो. आपल्यासारख्याचे जगणे पुस्तक होऊ शकते, हे त्याला त्या वाचनातून उमगले. थॉमसच्या या पुस्तकावर न्यूयॉर्कमधील क्वीन्स येथील एका शालेय मंडळाने १९७१ मध्ये बंधने घातली. रॉड्रिगेझचे पुस्तक अमेरिकेत सर्वाधिक हरकती घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांच्या यादीत गेले. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले त्यांच्याच हातून ते काढून घेण्याची ही खटपट पाहता संबोधिताचा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही, हे ध्यानात येते.

तथापि चळवळीविषयीच्या भागांत पुस्तकाची भाषा उतरते, हेही नोंदवले पाहिजे. निवेदकाला राजकीय शिक्षण देणारा मार्गदर्शक कार्यकर्ता हे पात्र फार एकसंध आहे. त्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर असते. टोळीतील मुलांची बोलणी तुटक, विनोदी, परस्परविरोधी असतात, तर या मार्गदर्शकाचे बोलणे पत्रकासारखे वाटते. बाख्तिनच्या परिभाषेत सांगायचे तर संहितेतील अनेक आवाजांचा गलबला येथे थांबतो आणि एकच आवाज उरतो. मराठीतील चळवळीच्या साहित्याच्या वाचकाला ही अवस्था अपरिचित नाही. कार्यकर्त्याविषयी लिहिताना कृतज्ञता लेखकाच्या आड येते.

‘मॉन्स्टर’शी तुलना केल्यास ‘ऑलवेज रनिंग’चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. शकूर हा क्रिप्सच्या एका शाखेतला. त्याचे पुस्तक तुरुंगात लिहिले गेले आणि त्याच्या शीर्षकात टोळीने दिलेले नावच विराजमान आहे. निवेदनातील लष्करी काटेकोरपणा, हल्ल्यांची तपशीलवार वर्णने आणि त्या वर्णनांतून झिरपणारा अभिमान यांमुळे वाचक दबून जातो. शेवटी येणारे वैचारिक परिवर्तन जाहीर केले जाते, पण भाषेत उतरत नाही. प्लाकाचा संबोधित शत्रू असतो. ‘मॉन्स्टर’मध्ये तो शत्रू अजून पुरता गेलेला नाही. पुस्तकानंतरही शकूर अनेकदा तुरुंगात गेला आणि २०२१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. या चरित्रात्मक वस्तुस्थितीवरून पुस्तकाचे मोल ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. तसे केले तर तोच निकष रॉड्रिगेझलाही लावावा लागेल, आणि तेथे प्रश्न अधिक अवघड आहे.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक मराठी संदर्भ घेणे उपयुक्त ठरेल. ‘आत्मचरित्र’ आणि ‘आत्मकथन’ असा भेद मराठी समीक्षेने दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या लेखनाच्या निमित्ताने केला. आत्मकथनात ‘मी’ हा समूहाचा साक्षीदार असतो, सिद्धी पावलेली व्यक्ती नसतो. ‘ऑलवेज रनिंग’ला हा भेद चपखल लागू पडतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाशी त्याचे नाते वरवर पाहता निकटचे वाटेल. पण तेथे सावधगिरी हवी. लोमासचा मुलगा टोळीत शिरतो, भले परिस्थितीच्या रेट्याने असेल. उचल्या समाजातील मूल कशातही शिरत नाही. ज्यांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या विचारसरणीने जन्मतः गुन्हेगार ठरवले अशांच्या घरात ते जन्माला येते. कायदा १९५२ मध्ये गेला, पोलिसांची नजर गेली नाही. त्यामुळे ‘सोडणे’ या क्रियापदाचा अर्थ दोन्हीकडे भिन्न आहे. टोळी सोडता येते. जात आणि तिच्यावर मारलेला शिक्का सोडायचा म्हणजे काय करायचे, हा ‘उचल्या’पुढचा प्रश्न आहे.

साम्य आहे ते भाषेच्या बाबतीत. ‘ऑलवेज रनिंग’च्या शेवटी चिकानो बोलीतील शब्दांचा कोश दिला आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना लाभली आणि मध्यमवर्गीय वाचकाला त्या जगात नेणारी वाट म्हणून ती पुढे दीर्घकाळ वाचली गेली. कोश काय किंवा अशी प्रस्तावना काय, दोन्हींमधून संहितेच्या दाराशी उभा असलेला एक परका वाचक मान्य केला जातो. म्हणजे संबोधित एक नाही, दोन आहेत. ज्याला कोश लागतो तो, आणि ज्याला लागत नाही तो. रॉड्रिगेझच्या गद्यातील ताण या दोघांना एकाच वाक्यात सांभाळण्यातून येतो. पहिल्यासाठी तो समजावतो, दुसऱ्यासाठी गप्प राहतो.

ही गप्प राहण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. प्रास्ताविकातच लेखकाने नावे बदलल्याचे आणि काही घटना एकत्र केल्याचे सांगितले आहे. फ्रेंच अभ्यासक फिलिप लझन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘आत्मचरित्रात्मक करारा’च्या संकल्पनेनुसार लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र यांच्या नावाची एकता हा आत्मचरित्राचा पाया. येथे ती एकता आहे. पण इतर माणसांच्या बाबतीत लेखकाने करार मुद्दाम सैल ठेवला आहे. काहींना ही सत्यापलापाची सोय वाटते. परंतु साथीदाराचे नाव बाहेर सांगायचे नाही हा टोळीचा पहिला नियम, आणि टोळी सोडल्यानंतर वीस वर्षांनी लिहिणारा लेखक तो पाळतोच आहे. टोळीची नीती आत्मकथनाच्या रूपबंधातच शिल्लक राहिली आहे. तिला निष्ठा म्हणावे की भीती, हे संहितेवरून ठरवता येत नाही.

एका ठिकाणी मात्र हे मौन खटकते. टोळीतील मुलांनी मुलींवर केलेल्या अत्याचाराच्या प्रसंगी निवेदक सहभागी होत नाही, त्याला मळमळते, पण तो काही थांबवतही नाही. प्रसंग निवेदकाच्या मळमळीशी संपतो. त्या मुली पुन्हा पुस्तकात येत नाहीत. शत्रूला, मित्राला, शिक्षकाला, पोलिसालासुद्धा या संहितेत कोठे ना कोठे उत्तर देण्याची जागा मिळते. या मुलींना ती मिळत नाही. ज्या पुस्तकाचे सारे सामर्थ्य ‘कोणाशी बोलायचे’ या प्रश्नाच्या जाणिवेत आहे, त्यात हा दोष किरकोळ मानता येणार नाही.

आता पुत्राविषयी. पुस्तकाचा आरंभ कॅलिफोर्नियात होत नाही, तो शिकागोत होतो. १९८५ मध्ये रॉड्रिगेझ तेथे गेला, १९८९ मध्ये त्याने नात्यातील एका विक्षिप्त स्त्रीच्या नावाने ‘तिया चुचा प्रेस’ सुरू केली, कवी म्हणून त्याची ओळख झाली. आणि तेथेच त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा टोळीत गेला. प्रास्ताविकात घरातून निघून जाणाऱ्या मुलामागे बाप रस्त्यावर धावत सुटतो. हे पुस्तक त्या मुलासाठी पूर्ण केले, असे लेखक सांगतो. शीर्षकातील ‘रनिंग’ मराठीत आणताना ‘धावणे’ पुरत नाही, ‘पळणे’ घ्यावे लागते; पळणाऱ्याच्या मागे पळणारा कोण आहे, यावर त्या शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. आधी मुलगा असताना पळणारा तोच आता बाप होऊन मागे पळतो आहे. शत्रूला उद्देशून सुरू झालेले लेखन अखेर एका विशिष्ट वाचकापाशी येऊन थांबते, आणि तो वाचक लेखकाची पूर्वस्थिती आहे.

१९९८ मध्ये त्या मुलाला खुनाच्या प्रयत्नाबद्दल अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. तो २०१० मध्ये सुटला. पुस्तक ज्याला वाचवण्यासाठी लिहिले तो वाचला नाही, असे म्हणून अनेकांनी या प्रश्नावर पडदा टाकला. याउलट काहींनी पुस्तकाने इतर कित्येक मुलांना वाचवले, असा प्रतिवाद केला. दोन्ही मतांत साहित्यकृतीकडे औषधाप्रमाणे पाहिले जाते आणि गुण आला की नाही, एवढेच विचारले जाते. परंतु ज्या पुस्तकाने स्वतःच एका मुलाचे आयुष्य आपल्या आरंभी ठेवले आहे त्याच्याबाबत समीक्षेने परिणामाचा विचारच करायचा नाही, हेही खरे नव्हे. तशी अलिप्तता या संहितेनेच अशक्य करून ठेवली आहे. संबोधन फसण्याची शक्यता या पुस्तकाच्या आत, त्याच्या वाक्यरचनेतही आहे. निवेदक मुलाला उपदेश करत नाही. आपण स्वतः कोणाचे ऐकले नव्हते, हे त्याला माहीत आहे. त्याची आई, त्याचा बाप, शिक्षक यांचे शब्द किती निष्फळ ठरले, याचीच तर ही कथा आहे. न ऐकणाऱ्या मुलाची कथा न ऐकणाऱ्या मुलाला सांगण्यातील धोका लेखकाला कळलेला आहे आणि तरीही तो सांगतो.

२०११ मध्ये आलेले दुसरे आत्मकथन ‘इट कॉल्स यू बॅक’ याच बिंदूपासून वाचावे लागते. त्यात टोळी सोडल्यानंतरची वर्षे आहेत. पोलाद-कारखान्यातील काम, मोडलेले संसार, दारू, वृत्तपत्रांतील नोकऱ्या, मुलाचा तुरुंग. पहिल्या पुस्तकाइतके ते बांधीव नाही. घटनांची गर्दी आहे आणि गद्य पुष्कळदा वृत्तान्तासारखे होते. पण त्याच्या शीर्षकाने पहिल्या पुस्तकावर केलेले भाष्य कोणत्याही समीक्षेपेक्षा मर्मभेदी आहे. ते पुन्हा बोलावते. कोण, ते शीर्षकात सांगितलेले नाही. येथे माणूस हाक मारणारा राहिलेला नाही, तो हाक ऐकणारा झाला आहे. लॉस एंजेलिसला परतून सांस्कृतिक केंद्र उभारलेल्या आणि २०१४ ते २०१६ या काळात त्या शहराचा राजकवी झालेल्या लेखकाने हे शीर्षक द्यावे, याला महत्त्व आहे.

‘ऑलवेज रनिंग’च्या उपसंहारातील प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. सांग्रा टोळीचा एकेकाळचा दरारा असलेला म्होरक्या निवेदकाला अनेक वर्षांनी भेटतो. आता त्याचे शरीर हल्ल्यात उद्ध्वस्त झाले आहे, पोटाला पिशवी लावलेली आहे. त्याला सूड हवा आहे. लोमासचा कोणी तरी माणूस समोर सापडला आहे, आणि हा माणूस लेखक वगैरे झाला आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ज्यांनी हे केले ते आता उरलेले नाहीत, असे निवेदक त्याला समजावू पाहतो. ज्याच्यासाठी भिंतीवर ‘चिन’ हे नाव लिहिले जात असे तो मूळ वाचक अखेर प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहतो तेव्हा निवेदकाकडे त्याला देण्यासाठी ना माफी असते, ना कविता. तो त्याला जवळ धरतो.